फीट आधी, गाठ नंतर

जत-आटपाडीकडून किंवा माण-खटावातून मिरजेला आणलेल्या पेशंटच्या फायलीत कधी कधी एवढंच लिहिलेलं असतं: वय ४२, पहिलीच फीट. घरी कांदा हुंगवून झालेला असतो, मुठीत किल्ल्या कोंबलेल्या असतात, कुणी 'बाहेरचं' म्हणून बघूनही आलेलं असतं. आणि सोबत आलेली म्हातारी नेमका प्रश्न विचारते, "ल्हानपणापासनं कधी नव्हती, मग आत्ताच कुठनं आली?"

तिच्या प्रश्नामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. फेफऱ्याचं मूळ मेंदूत आहे, हे ग्रीक वैद्यांनी इ. स. पूर्व ४००च्या सुमारास लिहून ठेवलं होतं. पण मेंदूत नेमकं कुठे? लंडनचे डॉ. जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्येक पेशंटच्या झटक्याची सुरुवात बारकाईनं टिपू लागले. अंगठ्यापासून, तोंडाच्या कोपऱ्यापासून की पायापासून? आणि तिथून तो कुठे सरकत गेला? या क्रमावरून मेंदूतली बिघडलेली जागा ओळखता येते, हे त्यांनी दाखवून दिलं.

त्याची कसोटी लागली २५ नोव्हेंबर १८८४ रोजी. लंडनमध्येच डॉ. ह्यूज बेनेट यांनी एका तरुणाचे झटके आणि लुळा पडत चाललेला हात एवढ्यावरून गाठीची जागा सांगितली. सर्जन रिकमन गॉडली यांनी तिथेच कवटी उघडली आणि अक्रोडाएवढा ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधारपेशींपासून वाढणारा ट्यूमर, बाहेर काढला. क्ष-किरणांचा शोधही अजून अकरा वर्षं दूर होता! तो तरुण महिन्याच्या आत जंतुसंसर्गानं गेला. तरीही ही शस्त्रक्रिया मला फार मोठी वाटते, कारण फीट हा नुसता आजार नसून आतल्या आजाराचा पत्ताही असू शकतो, हे त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं.

त्यानंतर दहा वर्षांनी, १८९४ साली, डॉ. विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारलं. सातारा-सांगलीकडच्या घरांत 'मिरजेला न्या' हे शब्द तेव्हापासून रुळत गेले. मेंदूची शस्त्रक्रिया मात्र आपल्याकडे उशिरा आली. वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये न्यूरोसर्जरीचा विभाग सुरू केला. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी मेंदूतल्या टीबीच्या १०७ आणि ग्लायोमाच्या १०७ पेशंटांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवून तपासल्या आणि १९६५ मध्ये प्रसिद्ध केल्या. अशी तुलना करावीशी वाटली, कारण आपल्याकडे फीटमागे जशी कॅन्सरची गाठ सापडते, तशीच टीबीचीही सापडते. फीतकृमीच्या अळीचीही सापडते. तिची अंडी दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या भाजीतून पोटात जातात. म्हणूनच 'मेंदूत गाठ आहे' एवढं ऐकून घरानं हाय खाऊ नये असं मला कळकळीनं वाटतं. यातल्या काही गाठी औषधांनी बऱ्या होतात. उलट, टीबीचीच असेल म्हणून तपास अर्धवट सोडणंही धोक्याचं.

हा फरक डोळ्यांना दिसू लागला तो स्कॅनमुळे. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डनमध्ये पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला, आणि त्यात मेंदूतला ट्यूमरच दिसला.

मग एक कोडं उरलं. सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमात फीट जास्त जणांना येते, ग्लायोब्लास्टोमा या त्याच्याच झपाट्यानं वाढणाऱ्या प्रकारात त्या मानानं कमी. गाठीच्या दाबानंच फीट येत असती, तर उलटं व्हायला हवं होतं. उत्तर रसायनात सापडू लागलं. ग्लायोमाच्या पेशी ग्लुटामेट नावाचं, चेतापेशींना चेतवणारं द्रव्य बाहेर टाकतात. त्यानं भोवतालचा मेंदू भडकतो आणि फीट येते, हे २०११ मध्ये उंदरांवर दिसलं. २०१९ मध्ये त्याहून धक्कादायक गोष्ट पुढे आली. चेतापेशी या कॅन्सरच्या पेशींशी थेट जोडण्या करतात, आणि तिथून मिळणाऱ्या विजेच्या संदेशांवर गाठ पोसते. म्हणजे गाठ मेंदूला भडकवते आणि भडकलेला मेंदू गाठीला वाढवतो. जॅक्सनना फीटमधून गाठीचा पत्ता लागला होता. आता फीटवरची औषधं गाठीची वाढही रोखू शकतील का, हे तपासलं जात आहे.