भारमान: कोकणातल्या प्रवासाच्या मोजदादीची पार्श्वभूमी

गाडीत जागा किती आणि त्यातल्या भरल्या किती, याची टक्केवारी म्हणजे ढोबळमानाने भारमान. कोकणात एखाद्या वाडीची एसटीची वस्तीची (रात्री मुक्कामाला थांबणारी) गाडी बंद झाली की आगारातून उत्तर येतं, ‘भारमान नाही.’ वाहतुकीच्या नियोजनात डेटा आणि एआय आणण्याची भाषा आता सगळीकडे सुरू आहे. २०२५ मध्ये सिंधुदुर्गात जिल्हा प्रशासनानं एआय वापरायला सुरुवातही केली. पण मोजून निर्णय घेण्याची रीत इथे नवी नाही. कोण मोजलं गेलं आणि कोण सुटलं, हे पाहायचं तर थोडं मागे जावं लागतं.

बोटीच्या काळात हिशेब सोपा होता. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या आगबोटी दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत जायच्या आणि पावसाळ्यात लांबच्या फेऱ्या थांबायच्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ १७ जुलै १९४७ रोजी बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. तरी बोटीवर एकूण किती माणसं होती, याचे वेगवेगळे आकडे आजही छापून येतात.

रस्त्यावरच्या मोजणीला शिस्त लावली इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेनं. शहराबाहेरच्या रस्त्यावर वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास वाहनं मोजायची. एकदा सुगीच्या दिवसांत, एकदा वर्दळ कमी असताना. प्रत्येक वाहन रस्ता किती कारइतका अडवतं ते धरायचं: दुचाकी अर्धी, ट्रक किंवा बस तीन, बैलगाडी आठ. बैलगाडी म्हणजे आठ कार हे वाचून हसू येतं, पण घाटात तिच्यामागे अडकलेला माणूस हा आकडा कमीच म्हणेल. खोट दुसरीकडे आहे. कोकणच्या रस्त्याची खरी गर्दी सुगीला नसते. ती गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात असते.

नियोजनाचं मोठं गणितही बाहेरून आलं. शिकागोत १९५५ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासानं चार पायऱ्यांची पद्धत रुजवली: प्रवास किती निघतील, कुठे जातील, कशानं जातील, कुठल्या रस्त्यानं जातील. मुंबईचा असा अभ्यास विल्बर स्मिथ या अमेरिकी कंपनीनं केला, त्याचा अहवाल १९६३ चा. या सगळ्यामागचा माणूस सकाळी घरून कामावर जातो आणि संध्याकाळी परततो. राजापूरच्या चाकरमान्याचं घर राजापुरात, काम लालबागला, आणि ‘परतणं’ वर्षातून दोनदा. रोजच्या सरासरीत तो जवळजवळ नसतोच. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र माणगावच्या कोंडीत तो तासन् तास उभा असतो.

आकड्यांनी कोकणात सगळ्यात चोख काम केलं ते पाऊस मोजताना. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं, ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली डोंगर फोडून मार्ग झाला आणि २६ जानेवारी १९९८ ला रोहा ते मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंतचा पूर्ण मार्ग खुला झाला. डोंगर कापला की तो पावसात खाली यायला बघतो. जून २००३ मध्ये वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीनं सुट्टीची विशेष गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मेले. आज या मार्गावर ठरावीक स्थानकांत पर्जन्यमापक आहेत, रत्नागिरीजवळच्या पानवलच्या उंच पुलावर आणि गोव्यातल्या मांडवी, झुआरी नद्यांच्या पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं आहेत, सावित्री आणि वाशिष्ठीच्या पुलांवर पुराची सूचना देणारी व्यवस्था आहे. दरवर्षीचं पावसाळी वेळापत्रक हाही एक अंदाजच: गाड्या हळू धावणार हे आधीच धरून मांडलेला. यात एआय असं काही नाही. आकडा कुणी बघायचा आणि तो अमुक झाल्यावर गाडी कुणी थांबवायची, एवढं ठरलेलं असतं.

मुंबई-गोवा महामार्गावर तेवढंही नव्हतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा जुना दगडी पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या नदीत गेल्या. मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या त्या जवळच्या गॅरेजमधल्या माणसानं.

२०२१ पासून अपघातांची नोंद मात्र बदलली. आयआयटी मद्रासनं तयार केलेल्या आयरॅड या प्रणालीत पोलीस जागेवरूनच अपघाताचं ठिकाण अॅपमध्ये भरतात. पूर्वी पंचनाम्यात ‘अमुक गावच्या हद्दीत’ एवढ्यावर भागायचं. कुठल्या वळणावर पुन्हा पुन्हा माणूस मरतो हे आता नकाशावर दिसू शकतं.

प्रवाशांच्या मोजणीचं तसं नाही. एसटीत पत्र्याच्या ट्रेतली कागदी तिकिटं जाऊन वाहकाच्या हातात यंत्र आलं, आणि कुठून कुठपर्यंतचं तिकीट निघालं, किती वाजता, हे सगळं साठू लागलं. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना मोफत आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्ध्या तिकिटात प्रवास मिळाला, त्याचीही नोंद यंत्रात पडते. रेल्वेच्या बाजूला क्रिस या रेल्वेच्याच संगणक संस्थेनं ‘आयडियल ट्रेन प्रोफाइल’ नावाची प्रणाली केली: जुन्या आरक्षणांवरून शिकून कुठल्या टप्प्याला किती जागा ठेवायच्या हे ती सुचवते.

अशी प्रणाली शिकते ती झालेल्या प्रवासावरून, आणि मला खटकतं ते इथेच. २०२१-२२ चा एसटीचा संप महिनोन् महिने चालला. संपल्यावर आतल्या गावांच्या कितीतरी फेऱ्या परत आल्याच नाहीत. तिथली माणसं वडापला, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपला लागली, कुणी मुलाच्या दुचाकीमागे बसून बाजार गाठू लागलं, म्हाताऱ्यांनी तालुक्याला जाणंच कमी केलं. तिकिटाच्या यंत्रात त्या वाडीसमोर आता कोरी जागा आहे. उद्या कुणी हाच साठा मॉडेलला शिकायला दिला, तर तिथे प्रवासी नाहीत असंच ते शिकेल. गणपतीच्या आरक्षणाचंही तेच. प्रतीक्षा यादी निदान न मिळालेल्या जागेची नोंद ठेवते, पण ‘रिग्रेट’, म्हणजे यादीतही जागा नाही, असं उत्तर आल्यावर फोन खिशात टाकून खासगी बस शोधायला लागलेला माणूस त्या यादीतही नाही.

अशा सुटलेल्या माणसांची नोंद सापडते ती दुसऱ्याच जागी. सकाळची गाडी सुरू करा म्हणून ग्रामसभेनं केलेला ठराव, शाळेच्या वेळेची गाडी मागणारं मुख्याध्यापकांचं पत्र, पन्नास-साठ सह्यांचं आणि मधेच दोन-चार अंगठ्यांचं निवेदन. हे सगळं आवक नंबर पडून आगाराच्या कपाटात असतं.