विलोमपद (कोकण)

विलोमपद : उलटसुलट कसेही वाचले तरी तेच राहणारे पद, वाक्य किंवा काव्यचरण. मराठीत मोजणीचे एकक अक्षर हे धरतात, म्हणजे काना-मात्रेसह व्यंजन किंवा जोडाक्षर. सरस, नवीन, मध्यम ही नेहमीची उदाहरणे. कोकण किनाऱ्यावर दोन शब्द विशेष ठळक आहेत : रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याच्या सुमारास रंगणारे नमन हे लोकनाट्य आणि बंदरातले जहाज.

या दोहोंची जात मात्र एक नाही. नमन उच्चारताना शेवटचा अकार लोपतो आणि न्-अ-म्-अ-न् असे ध्वनी उरतात. ते उलटले तरी शब्द तोच. जहाजचे ध्वनी उलटल्यास ‘जाहज’ होते, म्हणून त्याचे विलोमत्व लिपीपुरते आहे. तेही मराठीत आल्यावर लाभलेले. अरबी-फारसी लेखनात या शब्दाच्या आरंभी जीम आणि शेवटी झे अशी दोन निराळी अक्षरे आहेत. मराठी लेखनात दोन्ही ठिकाणी ज आला. अशा शब्दांना विलोमपद म्हणावे की नाही, हा प्रश्न निघू शकतो. अक्षर हे एकक मानल्यास म्हणणेच सयुक्तिक.

संस्कृत चित्रकाव्यात, म्हणजे अक्षररचनेची करामत दाखवणाऱ्या काव्यात, हा प्रकार प्रतिलोम, गतप्रत्यागत या नावांनी येतो. भारवी या कवीच्या किरातार्जुनीय महाकाव्याच्या 15व्या सर्गातील ‘देवाकानिनि कावादे’ हा चरण प्रसिद्ध आहे. भारवीचा काळ निश्चित सांगता येत नसला, तरी उत्तरमर्यादा पक्की आहे : इ. स. 634 च्या ऐहोळे (कर्नाटक) शिलालेखात त्याचा कर्ता कवी रविकीर्ती याने कालिदासाबरोबर भारवीचे नाव घेतले आहे. याच लेखात चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांचा पाडाव केल्याचे आणि ‘पश्चिम समुद्राची लक्ष्मी’ अशा पुरी नगरीवर शेकडो नौकांनिशी चाल केल्याचे वर्णन आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की राजपुरी, याविषयी मतभेद आहेत. घारापुरीचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र यावरून त्या काळी कोकणात चित्रकाव्याचा प्रसार होता असे अनुमान काढता येणार नाही.

मराठी विलोमवाक्ये मुख्यतः मुलांच्या तोंडी टिकली. ‘ती होडी जाडी होती’ हे कसोटीला पूर्ण उतरते : ती, हो, डी, जा, डी, हो, ती. होडीला ‘जाडी’ हे विशेषण अक्षरांच्या गरजेतून आले आहे. ‘रामाला भाला मारा’ हेही निर्दोष.

ऱ्हस्व-दीर्घाचा प्रश्न अधिक बिकट आहे. ‘तो कवी डालडा विकतो’ यात एकीकडे वी, दुसरीकडे वि. जुन्या लेखनात कवि हा तत्सम शब्द ऱ्हस्वान्त होता आणि वाक्य तंतोतंत जुळत असे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी असे शब्द दीर्घान्त ठरवले आणि ही जुळणी मोडली. ‘चिमा काय कामाची’ची अडचण वेगळी आहे. शेवटचे अक्षर दीर्घ असल्यास त्याआधीचा इकार ऱ्हस्व, म्हणून चिमा. अंत्य इकार दीर्घ, म्हणून कामाची. येथे जुन्या लेखनाचाही आधार मिळत नाही. मालवणपासून डहाणूपर्यंत बोलताना हा भेद फारसा पाळला जात नाही, त्यामुळे तोंडी खेळात दोन्ही वाक्ये बिनतक्रार चालतात.