गव्हात फेकलेलं क्लोव्हर

कॅनडातल्या ओंटारिओत आणि अमेरिकेतल्या मिशिगनकडे मार्चच्या आसपास एक अजब पेरणी चालते. जमीन पहाटे गोठलेली असते, शेतात आदल्या शरद ऋतूत पेरलेला गहू जेमतेम वितभरसुद्धा नसतो, आणि शेतकरी त्या उभ्या गव्हावरच लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या द्विदल पिकाचं बी फोकून देतो. नांगर नाही, पाभर नाही, बी मातीआड करायची भानगडच नाही. ते काम हवामान करतं, म्हणजे रात्री माती गोठून फुगते, दुपारी वितळून बसते, असं रोज झालं की वरच्या थराला बारीक भेगा पडतात आणि बी आपोआप त्यात जाऊन बसतं. बी इतकं बारीक की किलोत साधारण ६ लाख दाणे, त्यामुळे एकराला ४-५ किलो पुष्कळ झालं आणि खोल पेरलं तर ते उगवणारही नाही, वरवरच हवं.

पुढे गव्हाच्या सावलीत हे रोप गुपचूप बसून राहतं. सावली सोसायची ताकद हाच याचा मोठा गुण, लसूणघासाला हे तितकंसं जमत नाही. जुलैत गहू कापला, ऊन मिळालं की मग ते जोरात सुटतं आणि हिवाळ्यापर्यंत रान हिरवंगार. एरवी त्या महिन्यांत जमीन उघडीच पडली असती. पुढच्या वर्षी तिथे मका. गव्हाच्या काडाखाली मात्र कधीकधी क्लोव्हर ठिगळाठिगळाने उगवतं, आणि मग मक्याला खत किती कमी करायचं याचा हिशोब बोंबलतो.

हा हिशोब नत्राचा आहे. क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात, ते हवेतला नत्र झाडाला चालेल अशा रूपात आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. गाठ नखाने फोडून बघायची, आतून गुलाबी दिसली तर काम चालू आहे, तो रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातकुळीतल्या प्रथिनाचा. पीक चांगलं जमलं तर एकरी साधारण ३० ते ६५ किलो नत्र मिळतो. पण जमिनीत आधीच युरिया भरपूर असेल तर झाड जिवाणूंना पोसायचा खर्च करतच नाही, गाठी कमी धरतं, सरळ आयतं खातं. म्हणून क्लोव्हरला वरून नत्र देणं म्हणजे पैसे देऊन त्याला आळशी करणं.

आपल्याकडे द्विदलाचं बेवड, म्हणजे आदल्या पिकाने तयार केलेलं रान, चांगलं हे कुणाला सांगावं लागत नाही. युरोपात १८ व्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोकमध्ये सलगम, सातू, क्लोव्हर, गहू अशी चार वर्षांची फेरपालट रुळली तेव्हा गाठींत नेमकं काय चालतं हे कुणालाच माहीत नव्हतं, ते जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या शास्त्रज्ञांनी १८८० च्या दशकात दाखवलं.

आता चारा. देठ जाड आणि लवदार, वाळायला वेळ घेतात, म्हणून पुष्कळजण मूरघासच, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला चारा, करतात. आणि इथे एक भारी गोष्ट आहे. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं त्यामागे जे एन्झाइम असतं ते या पानांत भरपूर आहे, त्यामुळे मूरघासात प्रथिनं कमी फुटतात, लसूणघासाच्या मूरघासात ती बरीच फुटतात आणि त्यातला नत्र जनावराच्या मुतातून वाया जातो. पण ओलं क्लोव्हर उपाशी गाईला एकदम खाऊ घातलं तर पोटफुगीचा धोका असतो. मेंढ्यांबाबत तर जास्त जपावं लागतं, यात इस्ट्रोजेनसारखं वागणारी द्रव्यं असतात आणि चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहायचं प्रमाण घटतं. गाईंना एवढा त्रास होत नाही. पानांवर काळ्या ठिपक्यांची बुरशी आली तर घोड्यांच्या तोंडातून लाळेच्या अक्षरशः धारा लागतात, चारा बदलला की थांबतात.

बियाण्याची गंमत वेगळीच. फुलाची नळी जवळजवळ सेंटिमीटरभर लांब, साध्या मधमाशीची जीभ तळापर्यंत पोचत नाही, आणि स्वतःच्या परागाने बी धरत नाही. लांब जिभेची बंबलबी, म्हणजे मधमाशीच्याच कुळातली गुबगुबीत माशी, लागते. न्यूझीलंडमध्ये क्लोव्हर जोमात वाढायचं पण बी जवळपास धरायचंच नाही, दरवर्षी बाहेरून विकत आणायचं, शेवटी १८८५ मध्ये इंग्लंडहून जहाजातून राणी बंबलबी आणल्या आणि मग तिथे बी धरायला लागलं. त्यातली एक आखूड केसांची जात पुढे ब्रिटनमधूनच नाहीशी झाली, न्यूझीलंडात मात्र अजून आहे.

म्हणूनच बी घ्यायचं असेल तर जाणकार पहिली कापणी चाऱ्याला घेतात आणि दुसरा बहर बियाण्याला सोडतात, कारण पहिल्या बहरात बंबलबीच्या वसाहती लहान असतात, दुसऱ्यापर्यंत त्या भरलेल्या असतात.