'तर' आणि 'तरच': एका 'च'ने फिरणारा नियम

क्रमवारीच्या कोड्यात 'मिसळ पोह्यांच्या वर' म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. 'वर' आणि 'लगेच वर' यांतला फरकही एकदा ठेच लागली की लक्षात राहतो. गाडी अडते ती जर-तरपाशी, आणि दरवेळी त्याच खड्ड्यात.

वडापाव, मिसळ, पोहे आणि थालीपीठ यांना १ ते ४ क्रमांक द्यायचेत. मिसळ पोह्यांच्या वर हवी. दुसरा नियम असा: 'वडापाव पहिला असेल तर थालीपीठ शेवटचं.' आता थालीपीठ शेवटचं आहे असं सांगितलं, की 'म्हणजे वडापाव पहिला' म्हणून मंडळी मोकळी होतात.

अहो, नाही. वडापाव पहिला नसेल तेव्हा हा नियम गप्प बसतो. मिसळ, वडापाव, पोहे, थालीपीठ हा क्रम चालतो. मिसळ, पोहे, वडापाव, थालीपीठ हाही चालतो. वडापाव पहिला असलेला धरून तीन मांडण्या.

नियमात 'तर'च्या जागी 'तरच' घाला, की तिनातली एकच उरते. कारण बाणच, म्हणजे कशावरून काय निघतं ती दिशाच, उलटी फिरली: थालीपीठ शेवटचं, म्हणून वडापाव पहिला. मात्र आता वडापाव पहिला असून थालीपीठ तिसरं आलं तरी बिघडत नाही. 'तरच' म्हणजे जोरात म्हटलेला 'तर' नव्हे! थालीपिठाची जागा सांगितली नाही, तर 'तर' आणि 'तरच' दोन्हींत एकूण दहा-दहाच मांडण्या बसतात, पण सगळ्या त्याच नव्हेत.

सवय घरातली आहे. आई 'गृहपाठ केलास तर खेळायला जा' म्हणते, तेव्हा 'नाही केलास तर घरी बस' हे न बोलता कळतं. कोडं म्हणजे आई नव्हे.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६मध्ये मांडलेलं पत्त्यांचं कोडं याच जातीचं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या. समोर ई, के, ४, ७. नियम: एका बाजूला इंग्रजी स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या. तो खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटाल? बहुतेकांचा हात ई आणि ४ कडे जातो. हवेत ई आणि ७. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही; ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो.

'यावरून उलटही सिद्ध होते' असं छापणारी गाइडं पाहिली की माझं डोकं फिरतं. उलटवायचंच तर दोन्ही बाजूंना 'नाही' लावून उलटवा: थालीपीठ शेवटचं नसेल, तर वडापाव पहिला नाही. मी नियम वाचल्यावाचल्या बाण काढतो, त्याखाली ही नकाराची ओळ लिहितो, आणि उत्तराच्या पर्यायांकडे त्यानंतरच बघतो.