शमीवरील शिवीगाळ आणि कोहलीचे उत्तर: एका वाक्यामागची शंभर वर्षे

24 ऑक्टोबर 2021 रोजी दुबईत झालेल्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या सामन्यात पाकिस्तानने भारतावर दहा गडी राखून विजय मिळवला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या इतिहासात पाकिस्तानने भारताला हरवण्याची ती पहिलीच वेळ होती. भारताने 151 धावा केल्या होत्या. बाबर आझम आणि मोहम्मद रिझवान या सलामीच्या जोडीने एकही गडी न गमावता त्या 17.5 षटकांत पार केल्या. त्या दिवशी भारताच्या एकाही गोलंदाजाला बळी मिळाला नाही. तरीही सामना संपताच शिव्यांचा भडिमार झाला तो 3.5 षटकांत 43 धावा देणाऱ्या मोहम्मद शमीवर. त्याच्या इन्स्टाग्राम खात्यावर त्याला गद्दार ठरवण्यात आले, पैसे खाल्ल्याचा आरोप झाला आणि पाकिस्तानात जाण्यास सांगण्यात आले. अकरा जणांच्या पराभवातून एकाच खेळाडूला निवडून काढताना कोणता निकष लावला गेला, हे कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

पुढच्या दोन-तीन दिवसांत शमीच्या बाजूने अनेक जण बोलले. सचिन तेंडुलकरने आपण शमीच्या पाठीशी असल्याचे लिहिले आणि कोणत्याही खेळाडूचा एखादा दिवस वाईट जाऊ शकतो, असे म्हटले. वीरेंद्र सेहवागने हा हल्ला धक्कादायक असल्याचे सांगितले. या पाठिंब्याच्या प्रामाणिकपणाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र शमी चांगला गोलंदाज आहे, हे त्या वादाचे उत्तर नव्हते, कारण वाद त्याच्या गोलंदाजीचा नव्हताच. तो मुसलमान आहे म्हणून त्याच्या निष्ठेवर संशय घेतला गेला होता आणि नेमका धर्म हाच शब्द बहुतेकांनी उच्चारला नाही. इरफान पठाणने त्या शब्दाच्या जवळ जाऊन लिहिले की पाकिस्तानकडून हरलेल्या भारतीय संघात आपणही होतो, पण तू पाकिस्तानात जा असे त्या वेळी आपल्याला कोणी सांगितले नव्हते.

30 ऑक्टोबरला, न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या दिवशी, कर्णधार विराट कोहली पत्रकारांसमोर आला आणि त्याने तो शब्द उच्चारला. एखाद्यावर त्याच्या धर्मावरून हल्ला करणे ही माणूस करू शकतो अशी सर्वांत हीन गोष्ट आहे, असे तो म्हणाला. धर्म ही प्रत्येकाची पवित्र आणि वैयक्तिक बाब आहे, आपण कधीही कोणाशी धर्मावरून भेदभाव करण्याचा विचारही केलेला नाही, आणि संघ शमीच्या मागे दोनशे टक्के उभा आहे, हेही त्याने सांगितले. प्रत्यक्ष समोर येऊन बोलण्याचे धैर्य नसलेल्या कणाहीन माणसांना संघातील बंधुभाव हलवता येणार नाही, अशा शब्दांत त्याने शिवीगाळ करणाऱ्यांची संभावना केली. पदावर असलेल्या भारतीय कर्णधाराने आपल्याच संघाच्या चाहत्यांविषयी इतके उघड बोलणे माझ्या तरी पाहण्यात पूर्वी नव्हते. त्या वाक्याचे वजन लक्षात येण्यासाठी बरेच मागे जावे लागते, आणि ही वाट मुंबईतूनच जाते.

या देशातील क्रिकेटची मांडणी मुळात धर्मावर आधारलेली होती. 1848 साली मुंबईच्या पारशी तरुणांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला आणि त्यानंतर प्रत्येक समाजाचे स्वतंत्र क्लब आणि जिमखाने उभे राहिले. युरोपियन विरुद्ध पारशी या सामन्यांत 1907 साली हिंदूंचा संघ आला आणि स्पर्धा तिरंगी झाली. 1912 साली मुसलमानांचा संघ आल्यावर ती चौरंगी झाली. 1937 साली ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू इत्यादी उरलेल्या समाजांना ‘द रेस्ट’ या नावाखाली एकत्र करून ती पंचरंगी करण्यात आली. नव्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर आपल्या वाट्याला आलेल्या आसनांची संख्या मान्य नसल्याने त्या पहिल्याच पंचरंगीवर हिंदूंनी बहिष्कार टाकला. मैदानावरचे संघ जसे धर्मवार होते तशीच प्रेक्षकांची आसनेही धर्मवार वाटली जात होती, एवढे या प्रसंगावरून पुरेसे स्पष्ट होते.

त्याच काळात खेळाडूंनी पूर्वग्रहाविरुद्ध उघड भूमिका घेतल्याचे एक मोठे उदाहरण घडले, आणि ते एकाच धर्माच्या संघाच्या आत घडले. बाळू पालवणकर हा चर्मकार समाजातील डावखुरा फिरकी गोलंदाज पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची देखभाल करता करता आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तयार झाला. हिंदू क्लबाला त्याची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या वेळी त्याला पॅव्हेलियनबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यातून चहा दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरहून अधिक बळी मिळवले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्याला कधीच मिळाले नाही. 1920 साली बाळूला वगळण्यात आले आणि त्याचा भाऊ विठ्ठल याचा कर्णधारपदाचा हक्कही डावलला गेला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या बाळूच्या भावांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. खळबळ उडाली, तडजोड झाली आणि बाळू उपकर्णधार म्हणून परतला. 1923 साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला आणि त्याच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. आपले स्थान पणाला लावून बोललेल्या खेळाडूंचा आपल्याकडचा इतिहास लिहायचा झाल्यास सुरुवात या भावांपासूनच करावी लागेल.

धर्मवार स्पर्धेवरचा सर्वांत ठाम आघात डिसेंबर 1940 मध्ये झाला. वैयक्तिक सत्याग्रह सुरू होता, अनेक नेते तुरुंगात होते, आणि अशा काळात खेळावे की नाही हे विचारण्यासाठी हिंदू जिमखान्याचे प्रतिनिधी वर्ध्याला गांधीजींकडे गेले. गांधीजींनी त्या वर्षीच्या प्रश्नापलीकडे जाऊन स्पर्धेच्या मुळावरच बोट ठेवले. महाविद्यालयांमधील किंवा संस्थांमधील सामने आपण समजू शकतो, परंतु हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ करण्याचे कारण आपल्याला कधीच कळलेले नाही, असे त्यांनी सांगितले. विरोधाची चळवळ वाढत गेली, समालोचक ए. एफ. एस. तल्यारखान यांच्यासारखे लोकप्रिय आवाज तिच्या बाजूने होते, आणि 1946 साली ही स्पर्धा कायमची बंद झाली.

या काळाचे चित्र केवळ काळ्या रंगात काढणे मात्र सत्याला धरून होणार नाही. 1943 साली ‘द रेस्ट’कडून खेळणाऱ्या सांगलीच्या विजय हजारे या ख्रिस्ती फलंदाजाने हिंदूंविरुद्ध संघाच्या 387 धावांपैकी 309 धावा एकट्याने केल्या, समोरून विजय मर्चंटने नाबाद 250 धावा केल्या होत्या. त्या डावांची आठवण मराठी घरांत पुढे कितीतरी वर्षे निघत राहिली, आणि ती धर्माच्या नव्हे तर फलंदाजीच्या अंगाने निघत राहिली. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात मुसलमानांच्या संघाने हिंदूंना अवघ्या एका गड्याने हरवले. एकाच्या खेळाचे कौतुक करताना त्याचा धर्म आड येऊ न देणे त्या प्रेक्षकांनाही जमत होते. मला या नोंदी महत्त्वाच्या वाटतात, कारण समाज वेगळे असल्यामुळे द्वेष आपोआप येतो, या समजुतीला त्या आधार देत नाहीत.

स्वातंत्र्यानंतर संघ एक झाला, कर्णधारपद वयाच्या एकविसाव्या वर्षी मन्सूर अली खान पतौडीकडे आले, आणि प्रश्न सुटला असे वाटण्यासारखी परिस्थिती निर्माण झाली. तरी संशय टिकून होता, आणि त्याचा पहिला मोठा बळी अब्बास अली बेग ठरला. 1959 साली मँचेस्टरमध्ये कसोटी पदार्पणातच त्याने 112 धावा केल्या. जानेवारी 1960 मध्ये ब्रेबॉर्नवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध अर्धशतक झाल्यावर एका मुलीने मैदानात धावत येऊन त्याचे चुंबन घेतले, इतका तो लोकांचा लाडका होता. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानविरुद्धच्या मालिकेत चार डावांत त्याच्या अवघ्या 34 धावा झाल्या आणि तो मुसलमान असल्यामुळे मुद्दाम कमी धावा करत आहे, असे आरोप करणारी पत्रे त्याला येऊ लागली. तो संघाबाहेर गेला आणि पुन्हा कसोटी खेळायला त्याला काही वर्षे लागली. इरफान पठाणचा अनुभव खरा आहे. पण बेगला आलेली ती पत्रे पाहता पूर्वी असे काहीच नव्हते, असे म्हणता येत नाही. फरक एवढाच की बेगची पत्रे टपालाने त्याच्या एकट्याच्या हातात पडत होती आणि शमीला लिहिलेले शब्द सगळ्या जगासमोर होते. त्यामुळे 2021 साली सहकाऱ्यांना माहीत नसल्याचे सांगता येण्यासारखे नव्हते.

मधल्या काळात भारत-पाकिस्तान सामना हा निष्ठा मोजण्याचा काटा बनत गेला. ऑक्टोबर 1991 मध्ये पाकिस्तानच्या दौऱ्याला विरोध म्हणून शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी उखडली. जानेवारी 1999 मध्ये हाच प्रकार दिल्लीच्या फिरोजशहा कोटलावर झाला. त्याच महिन्यात चेन्नईच्या प्रेक्षकांनी मात्र बारा धावांनी जिंकलेल्या पाकिस्तानी संघाला उभे राहून मानवंदना दिली. एका देशाविषयीचा राजकीय राग आपल्याच देशातील एका धर्माच्या नागरिकांकडे वळवला जाण्याची जी प्रक्रिया आहे, तिची जमीन याच वर्षांत तयार झाली, असे माझे मत आहे.

2021 हे वर्ष या दृष्टीने विशेष ठरले. फेब्रुवारीत वसीम जाफरने उत्तराखंडच्या प्रशिक्षकपदाचा राजीनामा दिला. रणजी करंडकात 12,000 हून अधिक धावा करणारा, मुंबईला लागोपाठ दोन वर्षे विजेतेपद मिळवून देणारा हा कर्णधार; त्याच्यावर मुसलमान खेळाडूंना झुकते माप दिल्याचा आरोप झाला आणि त्याला पत्रकार परिषद घेऊन एकेक आरोप खोडून काढावा लागला. अनिल कुंबळेने त्याला उघड पाठिंबा दिला, इरफान पठाण, मनोज तिवारी हेही बोलले. पण ज्या मुंबईसाठी जाफर जवळपास दोन दशके खेळला, त्या मुंबईतील सर्वांत मोठ्या नावांपैकी बहुतेक जण गप्प राहिले, याची खंत मला आजही आहे. ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकमधील हॉकीच्या उपांत्य पराभवानंतर वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळील घराबाहेर जातिवाचक शिवीगाळ झाली, तेव्हा कर्णधार राणी रामपालने आम्ही वेगवेगळ्या धर्मांतून येतो, पण खेळतो भारतासाठी, असे सांगत तो प्रकार लाजिरवाणा असल्याचे म्हटले. त्याच महिन्यात पाकिस्तानच्या अर्शद नदीमने आपला भाला हाताळला होता, या नीरज चोप्राच्या साध्या बोलण्यावरून विखारी प्रचार सुरू झाला. नीरजने स्वतः चित्रफीत प्रसारित करून आपले नाव अशा कामासाठी वापरू नका, असे बजावले. कोहली बोलला तोपर्यंत ही वाट थोडी मळली होती.

बोलण्याची किंमतही लगेच दिसली. न्यूझीलंडविरुद्धचा सामना भारत हरला आणि कोहलीच्या दहा महिन्यांच्या मुलीविषयी समाजमाध्यमावर अत्यंत घाणेरडी धमकी देण्यात आली. दिल्ली महिला आयोगाने पोलिसांना नोटीस बजावली आणि मुंबई पोलिसांनी हैदराबादेतून एका तरुणाला अटक केली.

हा रोग एका धर्मापुरता नाही. सप्टेंबर 2022 मध्ये आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून आसिफ अलीचा झेल सुटला आणि तो शीख असल्यामुळे त्याला खलिस्तानी ठरवण्यात आले. विकिपीडियावरील त्याच्या पानातही तसा बदल झाला. त्या वेळी कोहली आणि हरभजन सिंग त्याच्या बाजूने बोलले. मार्च 2025 मध्ये चँपियन्स करंडकाच्या सामन्यात शमी पेय पिताना दिसला, तेव्हा रोजा न ठेवल्याबद्दल एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवले, म्हणजे आता परीक्षा घेणारे दुसऱ्या बाजूचे होते. ऑक्टोबर 2025 मध्ये नवी मुंबईत जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा करून 339 धावांचे लक्ष्य गाठून दिले आणि सामन्यानंतर येशूचे आभार मानले. त्या विजयाच्या रात्रीही तिच्या ख्रिस्ती असण्यावरून तिला टोमणे ऐकावे लागले.

शमीने स्वतः मात्र बराच काळ या विषयावर फारसे भाष्य केले नाही. 2023 च्या विश्वचषकात त्याने 24 बळी घेतले. श्रीलंकेविरुद्ध वानखेडेवर पाचवा बळी मिळाल्यावर तो गुडघ्यांवर बसला, तेव्हा त्याला सजदा (कपाळ जमिनीला टेकवून अल्लाला केलेले नमन) करायचा होता पण भीतीने त्याने केला नाही, अशी चर्चा समाजमाध्यमांवर पसरली. डिसेंबरमध्ये एका मुलाखतीत त्याला याबद्दल विचारण्यात आले. सजदा करायचा असता तर मला कोणी अडवले असते, असा उलट प्रश्न त्याने केला, आणि मी मुसलमान आहे हे अभिमानाने सांगतो, मी भारतीय आहे हेही अभिमानाने सांगतो, असे उत्तर दिले.