गुलाबी स्फटिक: पारख, श्रद्धा आणि निगा

झवेरी बाजारातल्या दुकानांपासून दादरच्या फुटपाथपर्यंत गुलाबी मण्यांची ब्रेसलेट ‘रोझ क्वार्ट्झ’ म्हणून विकली जातात. काही खरी, काही निव्वळ काच. रंगावर जाऊ नका, धूसरपणा बघा. खरा रोझ क्वार्ट्झ बहुधा दुधाळ असतो. मणी आरपार लख्ख, गडद गुलाबी आणि वर स्वस्त असेल, तर संशय घ्यायलाच हवा.

हा दगड म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, स्फटिकाच्या जपमाळेत असतो तोच. शुद्ध क्वार्ट्झला, म्हणजे स्फटिकाला, रंग नसतो. हायड्रोफ्लोरिक आम्लात रोझ क्वार्ट्झ विरघळवला की मागे गुलाबी तंतूंचा गाळ उरतो, आणि रंगाचं गुपित तिथेच आहे. मायक्रोमीटरहूनही बारीक असे हे तंतू ड्युमॉर्टिएराइट या खनिजाच्या जवळचे आहेत. त्यांच्यातलं लोह आणि टायटॅनियम रंग देतं, तर तंतूंवरून प्रकाश विखुरल्यामुळे दगड दुधाळ दिसतो. तंतू ठरावीक दिशांत रचलेले असतील, तर घुमटाकार घडवलेल्या खड्यामागे टॉर्च धरल्यावर सहा किरणांची चांदणी उमटते. हा दगड ब्राझील, मादागास्कर, भारत अशा ठिकाणच्या पेग्माटाइट या भरड कणांच्या खडकात सापडतो. मुंबई-सह्याद्रीच्या बेसॉल्टमधून अकीक निघतो, झिओलाइट ही खनिजं निघतात, रोझ क्वार्ट्झ नाही. ‘सह्याद्रीतला रोझ क्वार्ट्झ’ म्हणून कोणी काही दाखवलं तर हात आखडता घ्यावा.

सुटा खडा घरीही तपासता येतो. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या. आधी कोरड्या खड्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्यावर आणा आणि खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा. दोरा हातातच धरायचा. आता काटा दाखवतो ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्याने भागा. २० ग्रॅमच्या खड्याला साधारण ७.५५ ग्रॅम आकडा आला, तर भागाकार २.६५ येतो, क्वार्ट्झची घनता तेवढीच. खडा तळाला टेकला किंवा त्याला बुडबुडे चिकटले, तर काटा जास्त दाखवतो आणि चांगला खडाही खोटा ठरतो. काचेची घनता मात्र तिच्या घटकांप्रमाणे बदलते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नये.

दुसरी चाचणी लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यावर होते. पडदा पांढरा ठेवा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर फिरवत पडदा काळा होईल तिथे थांबवा, आणि मधे खडा धरून वेगवेगळ्या दिशांनी फिरवा. क्वार्ट्झ उजळतो, मावळतो. काच काळीच राहते, फार तर अस्पष्ट पट्टे दिसतात.

रंगवलेला साधा क्वार्ट्झ या दोन्ही चाचण्या आरामात पास होतो! त्यासाठी दहापट भिंगातून भेगा आणि मण्याचं भोक बघा. रंग तिथे साचलेला दिसतो. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस घासल्यावर गुलाबी झाला, तर प्रश्नच मिटला.

आता श्रद्धेचं. नवरत्नांत रोझ क्वार्ट्झ नाही. प्रेमाचा, हृदयचक्राचा खडा ही त्याची आजची ओळख आधुनिक क्रिस्टल हीलिंगमधून आली. सोळाव्या शतकातल्या ‘षट्चक्रनिरूपण’ या संस्कृत ग्रंथात अनाहत चक्राचं, म्हणजे हृदयचक्राचं, बारा पाकळ्यांचं कमळ बंधूक फुलासारखं, म्हणजे गुलाबी नव्हे तर लालभडक, सांगितलं आहे. माळ हातात घेऊन कोणाचं मन स्थिरावत असेल तर उत्तमच. ‘यातून सतत ऊर्जा निघते’ हे मात्र खरं नाही. क्वार्ट्झवर दाब दिला की विद्युतभार निर्माण होतो, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. दाब बदलला नाही तर पुढे काही घडत नाही. मनगटी घड्याळातला क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, पण त्यालाही बॅटरी लागतेच.

‘शुद्धीकरणा’साठी रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवण्याचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने क्वार्ट्झ विरघळत नाही, पण चांदीचे मणी काळे पडतात, आणि पाणी सुकल्यावर भेगांत मीठ धरतं. कोमट पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सुती कापडाने लगेच पुसणं एवढं पुरे. चंद्रप्रकाशात ठेवायला हरकत नाही. रोज कडक उन्हात ठेवू नये, काही खडे फिके पडतात. पाण्याच्या बाटलीत खडा टाकून ते पाणी पिणं टाळाच, कारण रंगवलेल्या दगडाचा रंग किंवा चिकटवलेल्या खड्याचा गोंद पोटात जायला नको.

मोह्स मापनात (१ ते १०) कठीणपणा ७ असल्याने रोझ क्वार्ट्झ मोत्यावर सहज ओरखडे पाडतो आणि हिऱ्याकडून स्वतः ओरखडे खातो. म्हणून प्रत्येकाची पुडी वेगळी. पावसाळ्यात ब्रेसलेट ओलं राहिलं की आधी इलास्टिक दगा देतं. ते सैल वाटताच ओवून घ्यावं, लोकलच्या गर्दीत तुटल्यावर मणी गोळा होत नाहीत. अंगठी दुरुस्तीला दिली, तर डाक देण्यापूर्वी खडा काढायला सांगा. ५७३ अंश सेल्सिअसला क्वार्ट्झची अंतर्गत रचना बदलते, आणि त्याच्या बऱ्याच आधी, एका बाजूने अचानक बसलेल्या आचेनेही खडा तडकू शकतो.