स्वतःच्याच पार्किंगमध्ये गाडी, तरी १०० पौंडांची नोटीस! हा प्रकार सुरू कसा झाला

इंग्लंडात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांना हा वैताग चांगलाच ओळखीचा आहे. जागा लीजमध्ये (फ्लॅट घेताना इमारतीच्या मालकाशी होणाऱ्या लांब मुदतीच्या करारात) लिहिलेली, गाडी आपली, पण डॅशबोर्डवरचं परमिट घसरून खाली पडलं की आठवड्याभरात पार्किंग कंपनीचं पत्र हजर. ही कंपनी फ्लॅट घेताना नव्हतीच, मग मधेच आली कुठून?

पूर्वी असली पत्रंबित्रं येत नव्हती, सरळ चाकाला क्लॅम्प लावायचे आणि पैसे टाकले की सोडायचे. स्कॉटलंडच्या कोर्टाने १९९२ मध्येच ही खंडणी आहे असं ठरवून तिथला धंदा बंद पाडला. इंग्लंडच्या कोर्टाने मात्र नव्वदच्या दशकात उलटी भूमिका घेतली, की ‘क्लॅम्प लावू’ असा बोर्ड वाचूनही गाडी लावलीत म्हणजे क्लॅम्प तुम्हाला मान्य आहे. तिथून क्लॅम्पवाल्यांची दादागिरी इतकी वाढली की शेवटी प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स अ‍ॅक्ट आला आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी जागेत क्लॅम्प लावणं गुन्हा झाला.

पण त्याच कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात कंपन्यांना दुसरं हत्यार मिळालं. आधी दावा लावायचा तर गाडी कोण चालवत होतं ते कळायला हवं, आणि ते कळायचं नाही. आता नोटीस नियमाप्रमाणे आणि वेळेत पाठवली तर गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याच्याकडूनच वसुली करता येते. त्याचं नाव-पत्ता डीव्हीएलए, म्हणजे गाड्यांची नोंदणी ठेवणारी सरकारी संस्था, अडीच पौंडात देते. म्हणजे क्लॅम्प गेला आणि टपाल आलं!

यात मॅनेजिंग एजंटचाही, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्याचाही हात असतो. बाहेरच्यांच्या गाड्या घुसतात म्हणून रहिवासीच ओरडतात, एजंट कंपनी बोलावतो, ती बऱ्याचदा फुकट काम करते कारण तिची कमाई नोटिसांवर, आणि बाहेरचा येऊन निघून जातो पण रहिवाशाची गाडी रोज तिथेच असते, मग सापडणार कोण ते सांगायला नको.

२०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा पार्किंगआय (पार्किंग कंपनी) विरुद्ध बीव्हिस (गाडीवाला) हा निकाल आला. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तास फुकट होते, गाडी ५६ मिनिटं जास्त थांबली, ८५ पौंड लागले आणि कोर्टाने ते योग्य ठरवले. तेव्हापासून कंपन्या प्रत्येक उत्तरात हाच निकाल तोंडावर मारतात. पण दुकानात येणाऱ्याला त्या जागेवर आधीचा हक्क काहीच नसतो, बोर्डावर लिहिलंय तेवढंच. रहिवाशाचा हक्क बोर्डाच्या कितीतरी आधी लीजमधून आलेला असतो, माझ्या मते सगळा वाद इथेच आहे आणि लोक मात्र परमिट कसं पडलं त्याचीच गोष्ट सांगत बसतात.

हे नीट बोललं गेलं ते २०१६ मध्ये, ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टातल्या अपिलात. एका रहिवाशाने जड टेबल घरात न्यायला गाडी दाराशी काही मिनिटं थांबवली आणि चार्ज लागला. न्यायाधीश म्हणाले, सामान उतरवणं म्हणजे पार्किंग नव्हे, दूधवाला, पोस्टमन, सामान हलवणारा ट्रक यांनाही पार्किंग धरलं तर फ्लॅटमध्ये राहणंच अशक्य होईल, आणि लीजने दिलेला येण्याजाण्याचा हक्क नंतर लावलेल्या बोर्डाने काढून घेता येत नाही. काउंटी कोर्टाचा निकाल म्हणून तो इतरांवर बंधनकारक नाही, तरी वजन आहे. लीजमध्येच ‘परमिट लावणं आवश्यक’ असं असेल किंवा नियम करायचा अधिकार इमारतीच्या मालकाकडे ठेवला असेल तर मात्र केस लंगडी पडते, म्हणून आधी लीज वाचा. भाडेकरूने करारनामा बघावा आणि घरमालकाकडून त्याच्या लीजची कॉपी मागावी.

(आपल्याकडे पार्किंगचं भांडण बिल्डरशी. मुंबईतल्या एका सोसायटीच्या केसमध्ये २०१० साली सुप्रीम कोर्टाने स्टिल्टखालची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही असं सांगितलं. इथे त्रास तिसऱ्याच पार्टीचा.)

ब्रिटिश संसदेने २०१९ मध्ये खाजगी पार्किंग कंपन्यांच्या आचारसंहितेचा कायदा केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये संहिता जाहीर झाली, त्यात लंडनबाहेर बहुतेक चार्जना ५० पौंडांची मर्यादा होती, कंपन्या कोर्टात गेल्या आणि जूनमध्ये सरकारने ती मागेच घेतली. जुलै २०२५ मध्ये पुन्हा लोकांची मतं मागवली. दरम्यान २०२४ मध्ये कंपन्यांच्या दोन संघटनांनी स्वतःचीच संहिता काढली आणि कमाल चार्ज १०० पौंडच ठेवला, १४ दिवसांत भरलात तर ६०.